बिल्ल्यावरचं तोंड

१

सकाळची शाळा साडेदहाला सुटायची. घरी आल्यावर मी हातपाय धुवायचो, सदरा खुंटीला लावायचो आणि अण्णांना जेवू घालायला बसायचो. तेवढं एक काम उरकलं की पुढचा सगळा दिवस माझा. म्हणजे माझ्या पदकांचा.

ही १९५७ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी अंबादास, परंड्याला हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. घरात मी, बायको शामला आणि वडील. वडिलांना सगळं गाव अण्णा म्हणायचं. निजामाच्या अमलात ते तहसिलीत पेशकार होते. त्यांच्या हातचा उर्दू कागद वाचता न येणाऱ्यानंही बघत राहावा असा असायचा. पोलीस ॲक्शननंतर कचेरीतून उर्दू गेली, अण्णांनी पेन्शन घेतली, आणि दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावं अंग गेलं. वाचा गेली. ‘ब... ब...’ एवढाच काय तो आवाज निघायचा.

आतल्या खोलीत त्यांची अरुंद बाज भिंतीला लावलेली होती, गेलेली बाजू भिंतीकडे. उजवीकडून पाहिलं तर ते अजून अण्णाच होते. सरळ नाक, दाट भुवई, मिटलेला ओठ. डावीकडचा गाल मात्र सैल कणकेसारखा खाली ओघळला होता. त्या बाजूच्या ओठातून लाळ यायची, घास घेतला की पेज यायची, आणि दोन्ही मिसळून हनुवटीखाली बांधलेल्या दुपट्यात उतरायचं. दुपट्याला आंबूस वास यायचा. तो माझ्या बोटांना लागायचा आणि मग माझ्या जेवणालाही.

मला किळस यायची. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

शामला भरवायला तयार होती. पण तिच्यासमोर अण्णा ओठ घट्ट मिटून घ्यायचे. सुनेपुढं लाळ गळू द्यायची त्यांना लाज वाटत असावी. त्यामुळं ते काम माझं. त्यात मी एक सोय करून घेतली होती. उजवीकडच्या स्टुलावर बसायचं, डाव्या हातात वाटी, उजव्यात चमचा, आणि तोंड दाराकडे फिरवायचं. दारातून अंगण दिसायचं. शामलानं तिथल्या दुसऱ्या बाजेवर वाळत घातलेले सांडगे दिसायचे. ते बघत मी चमचा पुढं करायचो. हाताला वाट पाठ झाली होती.

२

माझ्याकडे चांदीची एकवीस पदकं होती. कुठल्या ज्युबिलीची, कुठल्या राज्याभिषेकाची, कुणाच्या भेटीची. एकेकाळी ती पाटलांना, फौजदारांना, शाळेत पहिल्या येणाऱ्या मुलांना वाटली गेली होती. राज्यं गेली आणि पदकं ट्रंकांच्या तळाशी जाऊन पडली. लोक ती आनंदानं देऊन टाकायचे. सुताराकडून मी एक सपाट पेटी करून घेतली होती, आत निळी मखमल. ती पेटी अण्णांच्या उशीजवळच्या कोनाड्यात ठेवायचो, कारण घरातली कोरडी जागा तेवढीच.

रिठ्याचं पाणी, खडूची पूड आणि मऊ कुंचला घेऊन मी दुपारभर बसायचो. मला ती तोंडं आवडायची. राजाचं तोंड नेहमी एका बाजूनं दिसणारं. कोरडं. मिटलेलं.

एप्रिलच्या सुरुवातीला, बाजाराच्या दिवशी, एक धनगरीण दारात येऊन उभी राहिली. चाळिशीची, उन्हानं रापलेली. नाव गजराबाई. सीनेच्या काठाला तिची वस्ती होती.

“गुरुजी, तुमी बिल्लं गोळा करताय म्हनं?”

“हो. आणलंय का काही?”

तिनं ओच्यातून लोकरीचा बोळा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. “सासूच्या गळ्यात व्हता. मागल्या म्हयन्यात ती गेली.”

लोकरीच्या आत जाडजूड चांदीचं पदक होतं, वर ओवायला कडी डाखलेली. एका राजाचं तोंड. भरलेली मान, जाड मिशी, मिशीखाली ओठ. अक्षरं पार झिजलेली. कुठला राजा, कुठलं साल, काही कळत नव्हतं. मागची बाजू कोरी, गुळगुळीत.

“चांगलं आहे,” मी म्हणालो. “वजन करतो आणि काय होतील ते देतो.”

“पैसं नगंत मला.”

“असं कसं? चांदी आहे ही.”

“तुमाला पायजे व्हतं ना? घ्या मग.”

ती पायरी उतरली, रस्त्यावर बसली आणि मुठीनं माती घेऊन हाताला चोळू लागली. एकदा चोळलं, हात हुंगला, पुन्हा चोळलं. असं तिनं तीनदा केलं. मग मागं न बघता निघून गेली.

३

पहिल्या दिवशी ते साफ करताना कुंचला चिकट झाला. पदकावर तुपकट थर होता. अंगावर वागवलेला दागिना, घामाचा मळ असणारच. सोड्याच्या पाण्यात उकळलं, पुसलं, लखलखीत झालं. पेटीत बाविसाव्या जागी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी थर परत आला होता. सगळीकडे नाही. ओठांवर, मिशीवर आणि ओठांच्या कोपऱ्यातून हनुवटीकडे गेलेल्या एका बारीक रेघेवर.

मी विज्ञानाचा माणूस. चांदीत हीण असेल, हीण घाम सोडतं म्हणतात, असं मनाशी म्हणालो. खरं तर असं कुणी म्हणत नाही. पुन्हा साफ केलं. तिसऱ्या दिवशी ओठांच्या फटीत पांढरं काहीतरी वाळून बसलेलं दिसलं. सुईच्या टोकानं काढून हुंगलं. ज्वारीच्या कण्यांची पेज होती. आमच्याच घरची, ताक घातलेली.

याचं उत्तर तर सोपंच होतं. मी अण्णांना भरवतो आणि त्याच हातानं पदकांना हात लावतो. तेव्हापासून मी कार्बोलिक साबणानं कोपरापर्यंत हात धुऊ लागलो. नखं कापली. तरी रोज फटीत पेज असायची, आणि कधी कधी ती ओली असायची.

त्याच आठवड्यात शामला दोरीवरचं दुपटं हातात घेऊन म्हणाली, “अहो, हे कालचंच आहे ना? कोरडं कसं?”

“सांडलं नाही काही.”

“थेंबभरही?”

“सुधारणा आहे म्हणायची,” मी म्हणालो.

आणि मला खरंच बरं वाटत होतं. वाटी भराभर रिकामी व्हायची. पूर्वी अर्धा तास लागायचा, आता दहा मिनिटांत उठायला मिळायचं. वास नाही, दुपट्यातला गिळगिळीत ओलावा नाही. फक्त उजवा खांदा दुखायला लागला होता, काहीतरी लांबचं काढताना दुखतो तसा.

४

एक दिवस चमचा वाजला.

मी अंगणाकडे बघत होतो. चमचा पुढं गेला, आणि टक् असा बारीक आवाज आला. नंतरच्या घासाला पुन्हा. दातावर चमचा लागला की होतो तो आवाज.

अण्णांच्या तोंडात एकही दात नव्हता. शेवटचा सुळा पडून सहा वर्षं झाली होती.

वाटीच्या काठाला लागला असेल. मी तसं ठरवून टाकलं आणि पुढचा घास दिला. या वेळी चमचा आत धरला गेला. मी ओढला तर सुटेना. जोरानं ओढला तेव्हा करकर करत सुटला. मी झटकन वळलो.

अण्णा आढ्याकडे बघत होते. तोंड मिटलेलं. ओठ कोरडे, भेगाळलेले.

“ब...” ते म्हणाले. “ब...”

“बास?” मी विचारलं. वाटी संपलीच होती. मी उठलो. पितळी चमचा धुताना पाहिलं तर त्याच्या बुडाला बारीक चरे पडले होते.

त्या दिवशी शामलानं अण्णांना कूस बदलून दिली. बाहेर आल्यावर म्हणाली, “तुम्ही नीट भरवता ना हो?”

“म्हणजे काय?”

“वाटी तर रोज रिकामी येते. आता दोन दोन वाट्या करते मी. मग ते वाळत का चाललेत? फासळ्या मोजाव्यात असं झालंय. आणि जीभ बघितलीत? चामड्यासारखी झालीय.”

“वय झालं त्यांचं.”

“पंधरा दिवसांत?”

मी चिडलो. इतकं वाटतं तर तूच भरव म्हणालो. अण्णा तिच्या हातून घेत नाहीत हे मला माहीत होतं, म्हणूनच म्हणालो.

५

मला पदकावर संशय होता असं म्हणायला माझी जीभ वळत नव्हती. तरी एके सकाळी मी ते खिशात घालून शाळेत नेलं आणि प्रयोगशाळेतल्या ताजव्यात टाकलं. गजराबाईनं दिलं त्या दिवशीही मी त्याचं वजन केलं होतं. आता ते बरंच जास्त भरलं. ताजवा तपासला, वजनं तपासली. ताजव्यात काही खोट नव्हती.

उचलून घेताना अंगठा मागच्या बाजूवर टेकला. ती बाजू गुळगुळीत राहिली नव्हती. तिथं काहीतरी वर आलं होतं. उजेडात धरलं. पुढच्या तोंडाची दुसरी बाजू मागून उमटत होती. गाल, जबडा, कानाची पाळी. आणि तो गाल खाली ओघळलेला होता. त्यावरून अंगठा फिरवला तर खरखर लागली. आठवडाभर दाढी न केलेल्या माणसाच्या गालासारखी.

माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. मी पदक काचेच्या बरणीत टाकलं, बूच लावलं आणि कपाटाला कुलूप घातलं.

ते तीन दिवस शाळेत राहिलं. आणि त्या तीन दिवसांत दुपटं पुन्हा भिजायला लागलं. लाळ, पेज, तोच आंबूस वास. भरवायला पुन्हा अर्धा तास. अण्णा चघळत, गिळत, ठसकत, थोडं थोडं खात होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्या ठसक्याबरोबर पेजेचा शिंतोडा माझ्या ओठावर उडाला. मी बाहेर जाऊन ओकलो.

चौथ्या दिवशी मेची सुट्टी लागली. प्रयोगशाळा बंद होणार होती. मी पदक घरी आणलं आणि कोनाड्यात ठेवलं. ते कुठंही ठेवता आलं असतं. शाळेतच राहू देता आलं असतं. मौल्यवान वस्तू, चोरीला जाईल, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपटं कोरडं होतं.

६

आठ दिवस मी तसेच जाऊ दिले. मग एका सकाळी अण्णांची दाढी करताना वस्तरा हाडावर टेकला. गालात मांसच उरलं नव्हतं. मी साबण तसाच टाकला, पदक रुमालात गुंडाळलं आणि सीनेकाठची वस्ती गाठली. अडीच कोस चालत.

गजराबाई आपल्या गवती कोपीसमोर लोकर पिंजत बसली होती. तिचा नवरा बिराप्पा मेंढरं घेऊन लांब गेलेला. मला बघून ती उठली नाही.

“आनलाव का माघारी?” ती म्हणाली. “हितं ठिवू नका. घरात लेकरू हाय.”

“बाई, तुमच्या सासूला काय झालं होतं?”

“पडून व्हती. दोन वरीस. कमरंखालनं गेलेली, तोंड वाकडं झालेलं.” तिचे हात लोकरीत चालूच होते. “भरवायला म्याच. तोंडातनं गळायचं तिच्या, लई घान वास यायचा. मला बघवायचं न्हाय. म्या आपली मेंढरांकडं बघत घास म्होरं करायची. घास जायचा. तांब्याभर आंबील संपायची. आन् म्हातारी वाळून काटकी झाली.”

“तुम्ही बघितलं नाही कधी?”

“काय बघायचं?”

“घास कुणाच्या तोंडात जातोय ते.”

तिचे हात थांबले. तिनं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं.

“तुमी बघितलं?”

“नाही.”

“मग मला कशाला इचारताय?”

मी रुमाल पुढं केला. ती मागं सरकली.

“सगळं माहीत असून मला का दिलंत हे?”

“तुमाला पायजे व्हतं,” ती म्हणाली. “मला नगं व्हतं. आनि मला म्हाईत काय हाय, गुरुजी? म्या काय बघितलंच न्हाय.”

७

घरी पोचलो तेव्हा ऊन माथ्यावर होतं. शामलानं पेज करून ठेवली होती. “त्यांनी सकाळपासून काही घेतलं नाही,” एवढंच बोलून ती शेजारी गेली.

वाटेत पदक नदीत टाकता आलं असतं. पण नदी आटलेली होती, डबक्यात गावची गुरं पाणी पीत होती, आणि खरं सांगायचं तर मला आधी बघायचं होतं. माझा विश्वास बसत नव्हता आणि मला खात्रीही होती. मी ते कोनाड्यातल्या पेटीत ठेवलं, स्टुलावर बसलो आणि तोंड दाराकडे फिरवलं. रोजच्यासारखं.

अंगणात चिमण्या सांडग्यांवर उतरल्या होत्या. मी चमचा भरला, पुढं केला. टक्. दुसरा चमचा. टक्. चघळण्याचा आवाज येत होता, ओला, समाधानाचा. त्यात मधूनच नाकानं घेतलेला श्वास. आणि त्या आवाजाखालून अण्णांचा आवाज. “ब... ब...”

तिसऱ्या चमच्याला मी मान वळवली.

माझा हात अण्णांच्या तोंडाशी नव्हता. तो त्यांच्या छातीवरून पलीकडे, भिंतीकडे ताणलेला होता. अण्णांचं तोंड उघडं होतं, आत कोरडी जीभ. एक डोळा माझ्यावर खिळलेला. चमचा कोनाड्यात होता.

कोनाड्यात पेटी दिसत नव्हती. साच्यात कणीक दाबून भरावी तसा कोनाडा काठोकाठ भरला होता. जाड, तुकतुकीत, राखी रंगाचा एक गाल. एकच. मिशीला पेज लागलेली होती. ओठ चमच्याभोवती मिटलेले होते, आणि ते चमचा चोखत होते.

मग ओठ सुटले. आतून आंबूस, उबदार वाफ माझ्या मनगटावर आली. तोंड पुढच्या घासासाठी उघडलं, लहान मुलाचं उघडतं तसं. आणि माझा हात, माझ्या मनात नसताना, वाटीकडे यायला निघाला.

“बघ,” अण्णा म्हणाले. स्पष्ट म्हणाले. “बघ.”

मी वाटी भिंतीवर फेकली. पेज सगळ्या बाजेवर उडाली, अण्णांच्या तोंडावर, माझ्या डोळ्यांत. डोळे पुसून पाहिलं तेव्हा कोनाडा नेहमीचा होता. पेटी होती. बंद होती. मात्र तिच्या झाकणावर आतून झिरपल्यासारखी ओल उमटली होती.

८

मी पेटीच उचलून विरुपाक्ष सोनाराच्या दुकानात नेली. सगळी बावीस पदकं आटवायला सांगितली.

“सगळी?” विरुपाक्ष म्हणाला. “इतकी वर्षं जमवलीत गुरुजी. राहू द्या की चार.”

“सगळी. आणि हे आधी.”

त्यानं ते मुशीत टाकलं, टाकणखार घातला, भाता चालवला. मी समोर बसून होतो. नजर हलवायची नाही असं ठरवलं होतं. पदक कडेनं लाल झालं, मग मऊ पडलं. तोंड शेवटी वितळलं. ओठ सगळ्यात शेवटी. आणि दुकानभर पेज करपल्याचा वास सुटला. पातेल्याच्या तळाला लागून जळलेल्या पेजेचा, अगदी घरगुती वास.

विरुपाक्षानं भाता थांबवला. “ह्यात काय घातलंत गुरुजी?”

“काही नाही.”

मुशीत चांदीवर पांढरट साय धरली होती. त्यानं चिमट्यानं ती उचलली. ती लोंबली, तुटली नाही. त्यानं ती बाहेर गटारात टाकली, आत आला आणि बराच वेळ पालथ्या हातानं तोंड दाबून उभा राहिला. मुशीत उरलेली चांदी करंगळीच्या नखाएवढी होती. “ही तुमची,” तो म्हणाला. मी ती घेतली नाही. बाकीची पदकंही मोडून टाक म्हणून सांगून मी निघालो. निघताना पाहिलं, गटारातलं पाणी वाहत होतं आणि ती साय जिथं पडली होती तिथंच होती.

९

त्या दिवसापासून अण्णा वाळायचे थांबले.

दुसऱ्या दिवशी मी पेज घेऊन बसलो. तोंड दाराकडे नाही, त्यांच्याकडे. दोन वर्षांत पहिल्यांदा भरवताना मी त्यांचा पूर्ण चेहरा समोरून बघत होतो. ओघळलेला गाल, लाळेची तार, डोळ्याच्या कोपऱ्यातली घाण. किळस गेली नव्हती. पण मी बघत होतो, आणि चमचा त्यांच्या ओठांपर्यंत नेला.

अण्णांनी ओठ मिटून घेतले.

“अण्णा, घ्या. मी बघतोय.”

त्यांचा चांगला डोळा माझ्यावर होता. वरपासून खालपर्यंत तो मला न्याहाळत होता. माझा हात, माझी बोटं, माझं तोंड. त्या डोळ्यात राग असता तर मी समजू शकलो असतो. राग नव्हता. सडक्या फळात बोट गेल्यावर माणूस बघतो, तसं ते माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी, जेवढी वळत होती तेवढी, मान भिंतीकडे वळवली.

शामला दारात उभी होती. तिनं येऊन माझ्या हातून वाटी घेतली, बाजेच्या कडेला बसली, त्यांची हनुवटी पदरानं पुसली आणि चमचा पुढं केला. अण्णांनी तोंड उघडलं. पेज दुपट्यात सांडत होती, ते खात होते.

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. तिसऱ्या दिवशी बसलो. नंतर बसायचं सोडलं.

आषाढात शेजारच्या शरणम्मा अण्णांना बघायला आल्या. थोडा वेळ बाजेजवळ उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी विचारलंच, “पोटचा पोरगा घरात असून सून भरवतीय व्हय गं?”

“ह्यांना शाळा असते,” शामला म्हणाली.

मी मधल्या खोलीत, दाराआड उभा होतो. त्या दिवशी रविवार होता. दोघींपैकी कुणीच ते बोललं नाही.